पिवळ्या खांबाचा तुकडा : स्टीव्ह मॅकरी आणि ‘कँडिड’ या शब्दाची जबाबदारी

२०१६ साली इटलीत, तुरिन शहराजवळच्या व्हेनारियाच्या राजवाड्यात अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांच्या छायाचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. एक इटालियन छायाचित्रकार ते बघायला गेला आणि क्यूबातल्या एका रस्त्याच्या फोटोसमोर थबकला. रस्त्याच्या कडेला पाटीचा पिवळा खांब होता, आणि त्याच खांबाचा एक तुकडा जागचा सुटून चालत्या माणसाच्या पायापाशी जाऊन बसला होता. चित्रातला एक भाग उचलून दुसरीकडे चिकटवायचा, याला आपल्याकडचे लॅबवाले ‘क्लोन मारणं’ म्हणतात. इथे कुणीतरी क्लोन मारला होता आणि तो अर्धवट राहून गेला होता. प्रिंट तसाच मोठा करून, फ्रेम करून भिंतीवर लावला गेला होता.

त्या छायाचित्रकाराने इंटरनेटवर ही गोष्ट लिहिली. पुढच्या काही आठवड्यांत जगभरचे लोक मॅकरी यांचे जुने फोटो शोधून ताडून बघू लागले. एकाच फोटोच्या दोन-दोन प्रती सापडल्या. बांगलादेशात १९८३ साली भर पावसात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचा एक प्रसिद्ध फोटो आहे. त्याच्या एका प्रतीत एक पोरगा आहे, दुसऱ्या प्रतीत तो नाही. पावसातून चाललेल्या एका गाडीच्या फोटोतूनही माणसं कमी झालेली दिसली.

जवळपास चाळीस वर्षांची कारकीर्द एका खांबाच्या तुकड्यावर अडखळली. हे प्रकरण मी माझ्या रविवारच्या वर्गात दरवर्षी शिकवतो. मॅकरी यांना नावं ठेवण्यासाठी नव्हे. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी त्यांचे फोटो बघून कॅमेरा हातात घेतला आणि मी त्यांतलाच एक आहे. शिकवतो ते यासाठी की ‘कँडिड’ फोटो नेमका कुठे तयार होतो आणि कुठे बिघडतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

शब्द आधी नीट घेऊ

आपल्याकडे ‘कँडिड’ हा शब्द लग्नाच्या मांडवातून घराघरांत पोहोचला. कोटेशन मागितलं की ट्रॅडिशनल वेगळं, कँडिड वेगळं, व्हिडिओ वेगळा, ड्रोन वेगळा. त्यात कँडिडचा अर्थ झाला कॅमेऱ्याकडे न बघता काढलेला फोटो. नवरीला सांगायचं, खिडकीकडे बघा, बांगड्यांना हात लावा, आता हसा. फोटो सुंदर येतो, घरच्यांना आयुष्यभर पुरतो आणि त्या कामात खूप कष्ट असतात. पण ते दिग्दर्शन झालं. नजर कॅमेऱ्यापासून वळवली म्हणजे फोटो कँडिड होत नाही.

मी विद्यार्थ्यांना एवढंच सांगतो की समोर जे घडलं ते फोटो काढणाऱ्यामुळे घडलेलं नसावं. माणूस कॅमेऱ्यात रोखून बघत असला तरी चालेल. त्याने कॅमेरा बघितला, हेही घडलेलंच आहे. आणि त्याच्या पुढची पायरी अशी, की जे घडलं ते तसंच आमच्यापर्यंत पोहोचावं. बहुतेकांचं लक्ष पहिल्या भागाकडे असतं. मॅकरी यांचं प्रकरण दुसऱ्या भागाचं आहे.

जैसलमेरच्या वाटेवर, पोरबंदरच्या पाण्यात

मॅकरी १९५० साली अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ जन्मले. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकले, थोडा काळ गावातल्या एका वृत्तपत्रात नोकरी केली आणि १९७८ साली ती सोडून भारतात आले. एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या पिशवीत फिल्मचे रोल, असं ते सांगतात. पुढच्या वर्षी पाकिस्तानातून, स्थानिक वेश करून, बंडखोरांबरोबर ते अफगाणिस्तानात शिरले. सोव्हिएत फौजा यायला तेव्हा काही महिने बाकी होते. परतताना रोल कपड्यांत शिवून आणले. त्या फोटोंना १९८० साली रॉबर्ट कापा सुवर्णपदक मिळालं. नंतर नॅशनल जिओग्राफिक मासिकाची कामं आली, वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत एकाच वर्षी चार प्रथम पारितोषिकं मिळाली, १९८६ पासून मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेशी नातं जुळलं. पुरस्कारांची यादी इथेच सोडतो. ती कुठेही सापडते, आणि माणूस काम कसा करायचा हे त्यातून कळत नाही.

ते कळण्यासाठी १९८३ साल बघावं. त्या वर्षी ते मान्सूनवर काम करत होते. उन्हाळ्याच्या अखेरीस राजस्थानात एका खटारा टॅक्सीतून जैसलमेरकडे चालले असताना समोरून धुळीची भिंत येताना दिसली. वादळाने गाडी गाठली. अशा वेळी काचा वर करून आत बसून राहणं हेच शहाणपणाचं, कारण त्या बारीक वाळूने कॅमेरा कायमचा निकामी होऊ शकतो. तेवढ्यात रस्त्याच्या कामावरच्या बायका दिसल्या. वाऱ्यात उभंही राहवत नव्हतं, म्हणून त्या एकमेकींना बिलगून, डोक्यावरून पदर ओढून, तोंडं आत करून एक घट्ट वर्तुळ करून उभ्या होत्या आणि गात होत्या. मॅकरी गाडीतून उतरले.

तो फोटो तुम्ही पाहिला असेल. लाल ओढण्या, मागे पिवळसर धूसर पोकळी, बाजूला जमिनीवर ठेवलेली भांडी. त्या बायकांचं फोटो काढणाऱ्याकडे लक्ष नाही, असायचं कारणही नाही. त्यांचं काम एकमेकींना धरून ठेवण्याचं आहे. कँडिड या शब्दाचा अर्थ विचारला की मी आधी हा फोटो काढून दाखवतो. यात छायाचित्रकाराचं कौशल्य किती, असं विचाराल तर मी म्हणेन, दरवाजा उघडून बाहेर पडण्याइतकं. बाकीचं त्याआधीच्या पाच वर्षांच्या वणवणीचं.

दुसरा फोटो त्याच पावसाळ्यातला, पोरबंदरचा. शहर पाण्याखाली होतं. मॅकरी चार दिवस कंबरभर पाण्यात हिंडत होते. त्यात मेलेली जनावरं तरंगत होती, घाण वाहत होती. एक म्हातारा शिंपी गळ्याइतक्या पाण्यातून येताना दिसला. खांद्यावर शिवणयंत्र, पाणी लागून खराब झालेलं. आणि चेहऱ्यावर हसू! फोटो मासिकाच्या मान्सूनच्या अंकात आला. पुढे ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीने त्या शिंपीकाकांना शोधून काढून नवं मशीन दिलं. मला या गोष्टीत मशीनपेक्षा ते ‘शोधून काढणं’ मोलाचं वाटतं. फोटोतला माणूस खरा होता, त्याला पत्ता होता, कुणीतरी त्याच्या दारापर्यंत पोहोचू शकलं.

या दोन्ही फोटोंत पद्धत एकच आहे. भूभाग आधी नीट ओळखायचा, तिथे दिवसच्या दिवस घालवायचे, हवामान वाईट असेल तेव्हा बाहेर राहायचं. मुंबईतला १९९३ सालचा फोटोही तसाच. पावसात टॅक्सी थांबलेली, काचेवर थेंब, आणि काचेला चिकटून लेकराला कडेवर घेतलेली एक बाई आत बघते आहे. सिग्नल सुटायच्या आत हे टिपायचं होतं. ती थेट आत बघते आहे, तरी हा फोटो कँडिड आहे. मुंबईत पावसाळ्यात टॅक्सीने फिरलेल्या प्रत्येकाने ती काच आतून पाहिली आहे. म्हणून हा फोटो बघताना मराठी माणूस प्रेक्षक राहत नाही, तो त्या सीटवर बसलेला असतो.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवली पाहिजे. मॅकरी यांचा जगात सगळ्यांत जास्त छापला गेलेला फोटो कँडिड नाही. हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी, शरबत गुला. १९८४ साली पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत, मुलींच्या शाळेच्या तंबूत तिला उभं करून काढलेलं ते व्यक्तिचित्र आहे. नॅशनल जिओग्राफिकच्या जून १९८५ च्या मुखपृष्ठावर ते आलं. तिचं नाव कुणी विचारून ठेवलं नव्हतं. २००२ साली मॅकरी आणि मासिकाची माणसं तिला शोधत गेली तेव्हा ती तिशीच्या आसपासची, मुलाबाळांची आई होती आणि जगभर फिरलेला स्वतःचा फोटो तिने तोवर पाहिलेला नव्हता. फोटो काढला तेव्हा राग आला होता, हे तिला आठवत होतं. २०१६ साली पाकिस्तानात खोट्या ओळखपत्राच्या आरोपावरून तिला अटक झाली, तीही जगाला कळली ती याच चेहऱ्यामुळे. २०२१ मध्ये तिला इटलीने आसरा दिला. सतरा वर्षं एक माणूस नावाशिवाय छापला जातो, हा प्रश्न इथे पुरता हाताळता येणार नाही. पण पोरबंदरच्या शिंपीकाकांशेजारी हा प्रसंग ठेवून बघावा, एवढं विद्यार्थ्यांना सांगतो.

स्लाइड जोवर साक्षीदार होती

आता प्रकरणाच्या गाभ्याकडे. यांतले बरेचसे फोटो कोडाक्रोम या फिल्मवर काढलेले होते. आज विशीत असलेल्यांना हे नाव ऐकूनही माहीत नसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

कोडाक्रोम ही फिल्म १९३५ साली आधी सिनेमासाठी आणि पुढच्या वर्षी स्लाइडसाठी बाजारात आली. स्लाइड म्हणजे पारदर्शिका. रोल धुतला की त्यावर थेट रंगीत चित्र दिसतं, मधे निगेटिव्ह नाही. प्रकाशाचा अंदाज अर्ध्या स्टॉपने (स्टॉप म्हणजे प्रकाशाचं माप) जरी चुकला तरी चित्र हातचं जायचं. मी पहिला जुना निकॉन मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारातून घेतला, तेव्हा दुकानदारकाकांनी बजावलं होतं, “स्लाइडच्या नादी लागू नका, ती माफ करत नाही.” निगेटिव्हवरून प्रिंट काढताना डार्करूममध्ये उजेड-अंधाराचं बरंच काही सावरता येतं. स्लाइडमध्ये जे आलं ते आलं. ती स्वतःच मूळ प्रत, आणि तीच पुरावा.

आणि या पुराव्याला बघणारी माणसं होती. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे नॅशनल जिओग्राफिकचे छायाचित्रकार जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून रोल न धुताच वॉशिंग्टनला पाठवत. तिथे ते धुतले जात आणि चित्रसंपादक लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड असलेल्या पेटीवर, एकेक फ्रेम बघत. छायाचित्रकार हजारो मैलांवर, त्याचे चुकलेले, तिरके, अर्धवट फोटो सगळे कुणा दुसऱ्याच्या डोळ्यांखाली. कुठली फ्रेम कशाच्या आधी आली, कशाच्या नंतर आली, हे रोलवरून कळतं. एखादा प्रसंग मुद्दाम घडवून आणला असेल तर तोही बऱ्याचदा रोलवरून उमगतो, कारण घडवलेल्या प्रसंगात माणसं पुन्हापुन्हा त्याच जागी येतात.

मासिकं धुतल्या तांदळासारखी होती असं नाही. याच मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर इजिप्तच्या पिरॅमिडांचा फोटो उभ्या आकारात बसावा म्हणून संगणकावर पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते. छायाचित्रकार चार पावलं बाजूला उभा राहिला असता तर असंच दिसलं असतं, अशी त्यावर बाजू मांडली गेली. फार टीका झाली आणि हे पुन्हा करायचं नाही, असं मासिकात ठरलं. म्हणजे चूक तिथेही झाली. पण चूक करणारा, पकडणारा आणि थांबवणारा हे तिथे वेगवेगळे होते.

२००९ साली कोडॅकने कोडाक्रोम बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल मॅकरी यांनी मागून घेतला. छत्तीस फ्रेम. त्यातले काही फोटो त्यांनी मुंबईत काढले, आपल्या सिनेमातल्या माणसांचे, आणि काही राजस्थानात रबारी लोकांचे. २०१० च्या जुलैत तो रोल कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी, ही फिल्म धुणाऱ्या जगातल्या शेवटच्या लॅबमध्ये दिला. त्या वर्षअखेर तिथलंही ते काम थांबलं. आपल्या संग्रहात कोडाक्रोमचे आठ लाखांवर फोटो आहेत, असं त्यांनीच सांगितलं होतं.

मधल्या काळात दुसराही बदल झाला होता, जो कॅमेऱ्याशी संबंधित नव्हता. फोटोंचं गिऱ्हाईक बदललं. मासिकाचा वाचक अंक चाळून बाजूला ठेवतो. गॅलरीतून मोठा प्रिंट विकत घेणारा माणूस तो भिंतीवर लावून वर्षानुवर्षं बघणार असतो. मासिकाच्या पानावर कोपऱ्यातला अर्धा हात, मागच्या माणसाचा अर्धा पाय कुणाला खुपत नाही. दीड मीटरच्या प्रिंटवर तो खुपतो. स्लाइड स्कॅन झाली की ती फाइल बनते, आणि फाइल स्टुडिओतल्या कुठल्याही संगणकावर उघडते. वॉशिंग्टनचा लाइट बॉक्स वाटेतून निघून गेला. त्या जागी आला तो पगारी तंत्रज्ञ, ज्याला चित्र ‘स्वच्छ’ करायचं काम दिलेलं असतं.

माझ्या मते प्रकरणाचं मूळ इथे आहे. एखाद्या माणसाची नियत अचानक फिरली, असं मला वाटत नाही. फोटो काढण्याच्या क्षणी जो कँडिडपणा होता तो राखणारी साखळी तुटली आणि तिच्या जागी नवी कुणी बांधली नाही. धुळीच्या वादळात जो माणूस वाट बघू शकला, त्याच्याच स्टुडिओत बसून कुणी तरी पिवळा खांब हलवत होतं.

उत्तर, आणि त्यात काय कमी पडलं

मॅकरी यांनी उत्तर दिलं. प्रिंट अनेकदा आपण प्रवासात असताना तयार होऊन रवाना होतात, हा तसाच झाला, ही चूक आहे आणि तिची जबाबदारी आपली आहे, असं त्यांनी म्हटलं. स्टुडिओतल्या पद्धती बदलल्याचं सांगितलं. त्याच निवेदनात आणखी एक विधान होतं. आपण सुरुवात वृत्तछायाचित्रकार म्हणून केली, पण आता आपलं काम चित्रांतून गोष्ट सांगण्याचं आहे. काही आठवड्यांनी एका मुलाखतीत ते म्हणाले की आपल्याच फोटोंचं सौंदर्याच्या दृष्टीने हवं ते करायला आपण मोकळे आहोत असं वाटत होतं, पण लोक अजून आपल्याला वृत्तछायाचित्रकार समजतात, त्यांचा यामुळे किती गोंधळ होतो हे आता लक्षात आलं, आणि यापुढे हे साधन अगदी कमीत कमी वापरू.

जबाबदारी घेतली याचा मान ठेवला पाहिजे. पण ‘गोष्ट सांगणारा’ हे उत्तर मला पटलेलं नाही, आणि दरवर्षी वर्गात यावरच सगळ्यांत जास्त वाद होतो. एक गट म्हणतो, कलाकाराचा फोटो, तो काहीही करेल, चित्रकाराला कुणी विचारतं का? अगदी बरोबर, चित्रकाराला विचारत नाहीत. कारण चित्रकार कॅनव्हासखाली ‘बांगलादेश, १९८३’ असं लिहून बघणाऱ्याला सांगत नसतो की मी तिथे होतो आणि हे असं दिसलं. फोटोची सगळी ताकद त्या एका ओळीत आहे. ती ओळ काढली तर धुळीच्या वादळातल्या बायका म्हणजे लाल कापडांची एक छान रचना उरते. माझ्या मनाला जे भिडतं ते ही रचना नाही. त्या बायका तिथे होत्या, वाऱ्यात, गात, हे भिडतं. ओळ ठेवायची आणि पोरगा काढायचा, हे दोन्ही एकदम करता येत नाही.

दुसरा गट म्हणतो, मग रंग गडद करणं, क्रॉप करणं म्हणजे फोटोच्या कडा कापणं, हेही खोटंच. इथे मी त्यांना वर्ल्ड प्रेस फोटोच्याच २०१० सालच्या स्पर्धेचा दाखला देतो. एका विजेत्याने आपल्या फोटोच्या पार्श्वभूमीतून कुणाच्या तरी पायाचा छोटासा तुकडा पुसला होता. फोटो मूळ फ्रेमपेक्षा कितीतरी क्रॉप केलेला, रंग काढून काळापांढरा केलेला होता, त्याला परीक्षकांनी हरकत घेतली नाही. पाय पुसला म्हणून मात्र पारितोषिक काढून घेतलं. पहिल्यांदा ऐकताना हे विचित्र वाटतं. पण नीट बघा. क्रॉप करणं म्हणजे मी कुठवर बघितलं हे सांगणं. पाय पुसणं म्हणजे जो तिथे होता तो नव्हता असं सांगणं. सीमा अचूक आखलेली नाही, मान्य. रंग इतके भडक करता येतात की दुपारची संध्याकाळ होते, आणि तेही मला खोटंच वाटतं. तरी माणूस काढून टाकणं सीमेच्या कुठल्या बाजूला पडतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणखी एक गोष्ट या वादात हरवून जाते. पुसलेल्या माणसांमुळे हे फोटो चांगले झाले का? मला वाटतं, उलट. छायाचित्रकार रघुबीर सिंग आठवा. जयपूरचे, मॅकरी यांच्याच पिढीतले म्हणावे असे, रंगीत फोटोतच काम केलेले, १९९९ साली अकाली गेले. त्यांनी मुंबईवर काम केलं, झवेरी बाजारातल्या दुकानाच्या काचेत अख्खा रस्ता घुसवला. हावड्याच्या फुटपाथवर मांडलेल्या आरशांचा त्यांचा एक फोटो आहे, त्यात आरशाआरशांत तुकड्या-तुकड्यांनी शहर दिसतं. त्यांच्या फ्रेममध्ये कुणाचं ढोपर येतं, कुणाची पाठ येते, गाडीचा आरसा मधेच आडवा येतो. भारतातल्या रस्त्यावर असंच असतं. इथे एकट्या माणसाला मोकळी पार्श्वभूमी मिळत नाही, आणि ती जिथे मिळालेली दिसते तिथे मी आता दोनदा बघतो. बाहेरून आलेल्या प्रवाशाला गर्दी अडथळा वाटू शकते. त्या गर्दीत राहणाऱ्याला ठाऊक असतं की गर्दी हाच विषय आहे.

दिवेघाटात

हे सगळं दूरचं वाटू नये म्हणून जवळचं सांगतो. मी गेली अनेक वर्षं आषाढी वारीत माउलींच्या पालखीबरोबर काही मुक्काम चालतो. दिवेघाटात आता वारकऱ्यांइतकेच कॅमेरे असावेत असं वाटतं. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या म्हाताऱ्या बाईभोवती दहा-बारा जण गोळा होतात. “माउली, इकडं बघा.” “माउली, जरा थांबा.” “माउली, परत एकदा या ना.” पावसात फुगडी खेळणाऱ्या दोघींना आणखी तीनदा फुगडी घालायला लावलेलं मी पाहिलं आहे.

आणि हे मी स्वतःही केलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका घाटवळणावर एक आजी वृंदावन घेऊन येत होत्या, मागे ढग उतरले होते आणि माझा रोल नेमका तेव्हाच संपला. नवा घालेपर्यंत त्या पुढे गेल्या. मी पळत गाठून म्हणालो, “माउली, जरा मागं जाऊन परत या.” त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “दिंडी पुढं जातीय बाबा.” तरी दहा पावलं मागे गेल्या आणि माझ्यासाठी परत चालत आल्या. फोटो उत्तम आला. त्यानंतर त्या वयाला त्यांना आपली दिंडी गाठायला पळावं लागलं, ते मी नुसता उभा राहून बघितलं. तो फोटो मी कधी प्रदर्शनात लावला नाही. वर्गात दाखवतो, आणि दाखवताना सांगतो की हा कँडिड नाही, या आजींना मी मागे पाठवलं होतं.

त्या अनुभवातून मी स्वतःपुरतं काही ठरवलं. घडून गेलं ते गेलं, परत मागायचं नाही. मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवायची, आणि कुणी मागितली तर दाखवायची. उजेड-अंधार सावरायचा, माणूस हलवायचा नाही. कुणाला थांबवून फोटो काढला असेल तर तसं खाली लिहायचं. त्यात कमीपणा काही नाही. शरबत गुला यांचं व्यक्तिचित्रही थांबवूनच काढलेलं आहे आणि ते थोर आहे. आणि प्रिंट लॅबला टाकताना ‘टचिंग नको’ असं फॉर्मवर लिहायचं. हे शेवटचं मी व्हेनारियाच्या प्रकरणानंतर सुरू केलं. कारण आपल्याकडच्या लॅबमध्येही चेहऱ्यावरचे डाग न विचारता पुसून देतात. चांगल्या मनाने, गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून. एकदा एका शेतकऱ्याच्या कपाळावरची जुनी खोक पुसून आली होती. मी प्रिंट परत करून नवा काढून घेतला.

वर्गात हे प्रकरण संपवताना मी बांगलादेशच्या त्या फोटोच्या दोन्ही प्रती पडद्यावर शेजारीशेजारी लावतो आणि काही बोलत नाही. मुलं आधी शोधतात, काय बदललं आहे. सापडलं की एकमेकांना दाखवतात. यंदा बारामतीकडची एक मुलगी बराच वेळ गप्प बसून होती. मग तिने विचारलं, “सर, त्या पोराला हे कधी कळलं असेल का?”

१९८३ साली तो पावसात चेंडूमागे धावत होता. आज तो पन्नाशीच्या आसपास असेल.